कुलूप आधी, गिअर नंतर: कोथरूड ते बाणेर धावणाऱ्या एका एमटीबीचं प्रकरण

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या पाइपला सायकलचं पुढचं चाक बांधलेलं होतं. केबल लॉक शाबूत, चार आकडे जागच्या जागी, चाकात हवासुद्धा भरलेली. फक्त सायकल नव्हती. पुढच्या चाकाला क्विक रिलीज होतं, म्हणजे खटका उघडून दोन वेढे सैल केले की चाक फोकमधून, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या दुपाखी दांड्यातून, सुटतं. चोराने तेवढंच केलं आणि उरलेली सायकल मागच्या चाकावर ढकलत नेली. कुलूप तोडायची वेळच त्याच्यावर आली नाही.

सायकलच्या मालकीणबाई पुण्यात कोथरूडला आमच्याच गल्लीत राहतात. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. वय चाळिशीपुढे, उंची पाच फूट दोन इंच, वजन छप्पन किलो, नोकरी बाणेरला एका कंपनीच्या हिशेब खात्यात. आठवड्यातले तीन-चार दिवस त्या सायकलने जातात: कोथरूड, चांदणी चौक, बावधन, पाषाण, बाणेर. एका बाजूने अकरा-बारा किलोमीटर. रविवारी वेताळ टेकडी, कधी खडकवासला. गेलेली सायकल एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल: २६ इंची चाकांची, २१ गिअरची, शॉकअपवाली.

गल्लीतल्या सायकली मी हौसेने दुरुस्त करतो, म्हणून ताई माझ्याकडे आल्या. येताना दुकानाचं कोटेशन घेऊनच आल्या. तेहतीस हजारांची २९ इंची एमटीबी, २४ गिअर, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, लॉकआउटचा, म्हणजे हवा तेव्हा घट्ट करता येणारा शॉकअप. "दादा, माझ्याकडे पस्तीस हजार आहेत. उरलेल्या दोन हजारांत हेल्मेट आणि कुलूप बसेल ना?"

रोज सायकल चालवणाऱ्या बहुतेकांचा हिशेब असाच असतो. आधी सायकल, मग उरेल त्यात बाकीचं. ताईंच्या बाबतीत आम्ही यादी खालून वर वाचली. सायकल रात्री कुठे उभी राहणार, दिवसा कुठे, रस्ता कसा आहे, उतारावर थांबायचं कसं, आणि सगळ्यात शेवटी गिअर किती.

चौकीवर काय झालं

खरेदीआधी चौकीचं उरकायचं होतं. तिथे ताईंना पहिल्यांदा सांगण्यात आलं, 'गहाळ' म्हणून अर्ज द्या, शिक्का मारून देतो. गहाळ म्हणजे हरवली. हरवलेल्या वस्तूचा तपास कोणी करत नाही, आणि ती वस्तू पुढेमागे कोणाकडे सापडली तरी ती चोरीची होती हे कागदावर कुठेच नसतं. ताईंची सायकल हरवली नव्हती, तिचं चाक पाइपला अजून बांधलेलं होतं. ते चाक, कुलूप आणि पाइप यांचे फोटो दाखवल्यावर गाडी पुढे सरकली.

मग प्रश्न आला किमतीचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि चोरी आता तिच्या कलम ३०३ मध्ये येते. माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. पाच हजारांच्या आतलं प्रकरण अदखलपात्रात जाण्याची शक्यताही असते. पाच वर्षं वापरलेल्या सायकलची किंमत आपण सांगू तेवढी समोरच्याने का मानावी? ताईंनी ती चौदा हजारांना घेतली होती, पण बिल नव्हतं. शेवटी बँकेच्या स्टेटमेंटमधली दुकानाला दिलेल्या पैशांची नोंद कामी आली.

फ्रेम नंबर मात्र कोणाकडेच नव्हता. पायडलचा एक्सल फ्रेमच्या ज्या नळीतून जातो तिच्या पोटाला हा नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून कोणी बघतही नाही. काळी, लाल पट्ट्यांची, २६ इंची, एवढ्या वर्णनावर पुण्यात हजारो सायकली निघतील. एफआयआर झाला, प्रत मोफत मिळाली (तो फिर्यादीचा हक्कच आहे), सायकल मिळाली नाही. माहिती ऑनलाइन दिली तरी चालते. नव्या प्रक्रियेत त्यावर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची असते.

नव्या सायकलची डिलिव्हरी घेताना पहिलं काम म्हणून तिला दुकानाच्या दारातच उलटी केली. नंबरचा फोटो, पूर्ण सायकलचा फोटो आणि बिलाचा फोटो ताईंनी स्वतःलाच मेल केला. नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या दांड्याच्या नळीत सरकवली. चोर रंग बदलेल, स्टिकर खरवडेल, पण नळीत बोट घालून कोण बघतं?

दोन जागा

घरची जागा म्हणजे स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) दुचाकी पार्किंग. वॉचमन फाटकाशी, सायकली मागच्या कोपऱ्यात, आणि बांधायला तो एक पीव्हीसी पाइप. या पाइपला जगातलं सगळ्यात महाग कुलूप लावलं तरी उपयोग शून्य, कारण साधी करवत चालवली की पाइपच निघतो. चोर कुलूप, फ्रेम आणि खांब या तिघांतलं सगळ्यात लेचंपेचं कोण ते बघतो. लोक मात्र कुलूप तेवढं बघतात.

कमिटीकडे अर्ज केला. कॉलमला ड्रिल मारायला सेक्रेटरींनी साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. इमारतीच्या कॉलमला अँकर फास्टनर मारण्याचा हक्क कोणाही एका रहिवाशाला नाही. मग तडजोड निघाली. कंपाउंडच्या भिंतीलगत फरशी फोडून, सोळा मिलिमीटर सळईचा उलटा यू, त्याच्या दोन्ही पायांना आडवी सळई वेल्ड करून, काँक्रीटमध्ये गाडायचा. खर्च सोसायटीने केला, कारण सात-आठ घरांतल्या सायकली त्या कोपऱ्यात असतात. आडव्या सळईचा आग्रह मी धरला होता. ती नसेल तर यू हलवून हलवून उपटता येतो. वेल्डिंगवाल्याला ते एका वाक्यात पटलं, कमिटीला दोन मीटिंगा लागल्या.

ऑफिसचं वेगळंच. तिथे बेसमेंट आहे, कॅमेरे आहेत, पण सुरक्षारक्षक सायकलला आत घेत नसत. 'सायकल बाहेर लावा' हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याने ऐकलेलं आहे. बाहेर म्हणजे फुटपाथवर, झाडाच्या आळ्याच्या जाळीला. ताईंनी ॲडमिनला मेल टाकून रॅम्पशेजारच्या लोखंडी रेलिंगची लेखी परवानगी आणली आणि तिची प्रत रक्षकांच्या टेबलाच्या काचेखाली लावून घेतली. शिफ्ट बदलली, माणूस बदलला तरी कागद तिथेच राहतो.

या दोन गोष्टींना सायकलच्या बजेटमधला एक रुपयाही लागला नाही. सुरक्षेचा निम्मा प्रश्न मात्र इथेच सुटला.

कुलूप

केबल लॉकबद्दल बोलण्यासारखं फार नाही. आत पिळाची तार आणि वर प्लास्टिक. चांगल्या कटरने ती काही सेकंदांत तुटते, आवाजही होत नाही. दूध आणायला दारात पाच मिनिटं सायकल लावायची तर ठीक.

ताईंसाठी दोन कुलुपं घेतली. घरच्या यूला कायमची अडकवून ठेवायची टेंपर केलेली चौकोनी कड्यांची साखळी, आठ मिलिमीटर जाडीची, आणि सोबत न्यायला यू-लॉक, तेरा मिलिमीटर दांड्याचं. साखळी जड आहे, पण ती वाहून न्यायचीच नाही. रोज सव्वा किलोचं यू-लॉक नेणं ताईंना सुरुवातीला जड वाटलं, फ्रेमच्या ब्रॅकेटवर बसवल्यावर तक्रार थांबली.

यू-लॉक निवडताना तीन गोष्टी बघितल्या. किल्ली चपटी हवी, गोल नळीसारखी नको. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइटसारख्या नामांकित कंपनीची गोल किल्लीची कुलुपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात असं उघड झालं, आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. तशा किल्लीची स्वस्त कुलुपं बाजारात अजून दिसतात. दुसरं, पाकिटावर सोल्ड सिक्युअर या ब्रिटिश चाचणी संस्थेचा शिक्का आहे का, आणि असल्यास ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड यांतला कोणता. तिसरं म्हणजे आकार. यू मोठा असेल तर आतल्या पोकळीत पहार किंवा जॅक घालून फाकवता येतो, म्हणून जमेल तेवढा छोटा घ्यायचा. पण एमटीबीचा टायर जाड, त्यामुळे फारच छोटा यू चाकाभोवती बसतच नाही. आम्ही सायकल दुकानात उभी करून, तिच्यावर लावून बघूनच यू घेतला. ऑनलाइन मापं वाचून हे कळत नाही.

लावायची पद्धत शेल्डन ब्राऊन या अमेरिकन मेकॅनिकची, जगभरचे सायकलवाले ती वापरतात. यू मागच्या चाकाच्या रिममधून आणि रेलिंगमधून घ्यायचा, पण चाकाचा तो भाग फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत असला पाहिजे. मग फ्रेमला वेगळं कुलूप लागत नाही, कारण अडकलेलं चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही. छोट्या यूमध्ये दोन्ही कामं होतात. फक्त डिस्क ब्रेक असेल तर यू रोटरच्या, म्हणजे ब्रेकच्या चकतीच्या, भोकांतून घालायचा नाही. एखाद्या दिवशी विसरून सायकल ओढलीत तर रोटर वाकतो.

आणि क्विक रिलीज काढले. दोन्ही चाकांना ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) कसायचे स्क्यूअर, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारे बोल्ट, सीटलाही खटक्याऐवजी बोल्टची क्लॅम्प. सगळं मिळून सातशे रुपये. ॲलन की कोणाच्याही खिशात असू शकते हे खरं, पण पार्किंगमधला चोर बहुतेकदा हात रिकामे घेऊन येतो, जे सुटेल ते नेतो. तोटा एवढाच की वाटेत पंक्चर झालं तर पाच नंबरची ॲलन की आपल्याजवळ हवी. पुढचा स्क्यूअर नीट कसणं ही आणखी महत्त्वाची बाब. डिस्क ब्रेक जोरात मारला की एक्सल फोकच्या खाचेतून बाहेर यायला बघतो, सैल ठेवून चालत नाही.

अँगल ग्राइंडरपुढे यातलं काहीही टिकणार नाही. पण ग्राइंडरची किंकाळी आणि ठिणग्या घेऊन रात्री दोन वाजता सोसायटीत कोणी काम करणं आणि खटका उघडून चाक सोडवणं यांत फरक आहे. एअरटॅगसारखा ट्रॅकर (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारा टॅग) लावायचा का, हेही ताईंनी विचारलं. एअरटॅग सुरू करायला आयफोन किंवा आयपॅड लागतो, ताईंचा फोन अँड्रॉइड. त्यावर चालणारे टॅग मिळतात, पण दोन्ही प्रकार आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात, आणि अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा इशारा चोराच्याही फोनवर जातो. सायकल गेल्यावर शोधायला त्याची मदत होईल. जाणं तो थांबवत नाही. सध्या नको असं ठरलं.

उतार आणि हात

"चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना माझी बोटं दुखतात," ताई म्हणाल्या, आणि सायकलची निवड या एका वाक्याने ठरली.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटाने पाडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल आणि रॅम्प खुले झाले. मोटारींची सोय झाली. सायकलवाल्याला मात्र चढावर रेंगाळायचं आणि उतारावर बसेसच्या मधून यायचं. तिथे ब्रेकवर सतत बोटं ठेवावी लागतात. जुन्या सायकलचे व्ही-ब्रेक रिमला घासायचे. पावसात रिम ओली, चाकाला जरा आउट, म्हणजे वाकडेपणा, असेल तर ब्रेक एका बाजूला लागणार. आउट काढून काढून ताई आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक दोघंही कंटाळले होते.

केबलवर चालणारी मेकॅनिकल डिस्क स्वस्त एमटीबीवर सर्रास असते. चालते, पण केबल ताणत राहावी लागते आणि लिव्हरला जोर लागतो. हायड्रॉलिकला दोन बोटं पुरतात. ताईंचे हात लहान, म्हणून लिव्हर हँडलजवळ आणणारा रीचचा स्क्रू आहे की नाही हे आम्ही दुकानात फिरवून बघितलं. आणखी एक बारीक तपासणी: पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे ना? आपल्याकडे स्कूटरचा पुढचा ब्रेक उजवीकडे असतो, तर युरोप-अमेरिकेच्या पद्धतीच्या सायकलींत तो डावीकडे. ताई रोज स्कूटरही चालवतात. घाबरून ब्रेक दाबताना हात सवयीने चालतो.

मिनरल ऑइलवर चालणारा ब्रेक आणि डॉट फ्लुइडवर चालणारा ब्रेक यांत तेलांची अदलाबदल कधीही करायची नाही, सील खराब होतात. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, ताईंचे तेच आहेत. त्यांच्या रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं आहे, म्हणजे त्यावर मेटलचे पॅड घालू नयेत. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने पॅड बदलताना बसवायला नेमके मेटलचेच बाहेर काढले होते. ताईंनी रोटरवर बोट ठेवून वाचून दाखवलं.

शॉकअपची पट्टी

कोटेशनमधली सायकल नाकारायचं कारण किंमत हे एकच नव्हतं. २९ इंची चाकाची ती फ्रेम मीडियम होती, आणि ताई तिच्यावर उभ्या राहिल्या तेव्हा वरची दांडी अंगाला लागत होती. स्मॉल फ्रेम पंधरा दिवसांनी येईल म्हणाले. रस्त्यात अचानक थांबावं लागणाऱ्या माणसाला दांडी आणि अंग यांच्यात दोन-तीन बोटं तरी जागा पाहिजे. एमटीबीला त्याहून जास्त बरी.

शेवटी घेतलेली सायकल २७.५ इंची, स्मॉल फ्रेम, साडेसव्वीस हजारांची. शॉकअप शंभर मिलिमीटरचा, आत स्प्रिंग. दुकानदाराने त्याचं फार कौतुक केलं. मी शॉकअपच्या नळीवर एक केबल टाय (प्लास्टिकची पट्टी) सैलसर बांधला, खाली सीलपर्यंत सरकवला, आणि ताईंना नेहमीसारखं बसायला सांगितलं. माणूस बसल्यावर अशा शॉकअपने साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर खाली जायला हवं. ताई बसल्या, टाय सहा-सात मिलिमीटर सरकला. मग सोसायटीच्या गतिरोधकावरून नेलं, तरी अर्ध्यापर्यंतही गेला नाही. या किमतीतल्या स्प्रिंगा बहुतेक सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाचा अंदाज धरून बसवलेल्या असतात. प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारा, नॉब फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. छप्पन किलोच्या ताईंसाठी तो शॉकअप म्हणजे अडीच किलोंच्या आसपासचं लोखंड, आणि चढावर तेही ढकलायचं.

माझं मत स्पष्ट आहे. या रस्त्यासाठी साध्या, शॉकअप नसलेल्या फोकची हायब्रीड (रस्त्याची आणि डोंगरी यांच्या मधली सायकल) आणि चाळीस मिलिमीटर टायर जास्त बरे. ताईंना ते सांगितलं. त्यांना रविवारची वेताळ टेकडी हवी होती, जाड टायर हवे होते, आणि 'ती दिसायला मास्तरांची सायकल वाटते' हाही एक मुद्दा होता. पैसे त्यांचे, टेकडी त्यांची.

धक्के खायचं काम खरं तर टायर करतो. जुन्या सायकलीत ताई पेट्रोल पंपावर हवा भरत, आणि पंपवाला स्कूटरच्या अंदाजाने मारून देई. टायर दगडासारखा. आता मीटरचा फूटपंप आहे, दोन इंची टायरमध्ये पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय. एवढ्याच बदलाने बावधनच्या सर्व्हिस रोडवर मनगटं दुखायची थांबली. सायकलबरोबर आलेले मोठ्या गुट्ट्यांचे टायर दुकानातच बदलून घेतले, नऊशे रुपये फरक. नवे मधे गुळगुळीत, कडेला छोटे गुट्टे. डांबरावर घरघर नाही, टेकडीवर पकडही आहे. टेकडीवरच्या बाभळीच्या काट्यांवर उपाय म्हणून ट्यूबमध्ये सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घातलं. त्यासाठी व्हॉल्वची आतली कोअर निघणारी हवी, स्कूटरसारख्या जाड व्हॉल्वची निघते.

गिअर

जुन्या सायकलवर २१ लिहिलेलं, नव्यावर २४. हा आकडा म्हणजे पुढच्या चकत्या गुणिले मागच्या, बाकी काही नाही, आणि त्यातले कितीतरी गिअर एकमेकांवर चढलेले असतात. बघायचे ते दोनच आकडे: पुढची सगळ्यात छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी.

जुनीला पुढे २४ दात, मागे २८. एका पूर्ण पायडलमागे सायकल पावणेदोन मीटर जायची. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर वेग ताशी सहा किलोमीटरच्या पुढे. चांदणी चौकाच्या चढावर ताईंचे पाय साठ फेऱ्या देत नसत, म्हणून सायकल डुगडुगायची आणि त्या उतरून चालायच्या. नवीला पुढे २२, मागे ३४. एका पायडलमागे १.४ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी पाच किलोमीटर. हळू वाटतं ना? पण शेजारून बस जात असताना सरळ रेषेत ताशी पाचने जाणं हे हेलकावे खात सातने जाण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. वरच्या टोकाला ४२ आणि ११ अशी जोडी आहे, तिला ताईंनी अजून हात लावलेला नसावा.

पुढे एकच चकती आणि मागे अकरा असलेले सेट आजकाल फार खपतात. छान असतात, पण त्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि चेन महाग, आणि पावसाळ्यात दोन्ही झिजतात. ताईंच्या सायकलला मागे आठ चकत्या आहेत, आणि आठ गिअरची चेन कोपऱ्यावर मिळते.

खरा फरक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, होता. स्वस्त सायकलींना मागच्या चकत्यांचं, आट्यांवर कसलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय उरतो, म्हणून वजनदार माणसाच्या किंवा खड्ड्यांतल्या वापरात एक्सल वाकतो, तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये आधार टोकापर्यंत जातो. दुकानात हे विचारलं तर बरेचदा उत्तर मिळत नाही. मागच्या चकत्यांच्या मधोमध कॅसेटची लॉकरिंग (तिला कसून धरणारी कडी) दिसते का ते स्वतःच बघायचं.

बाकीचं

हेल्मेट अठराशेचं, आत ईएन १०७८ चा शिक्का बघून. आयएसआयचा आयएस ४१५१ हा मोटरसायकलच्या हेल्मेटचा, तो सायकलला लावू नये. डोक्याचा घेर टेपने मोजून घेतला, आणि अंबाडा बांधल्यावर मागची पट्टी बसते का तेही पाहिलं. दिवे तेराशेचे, पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही काढून पर्समध्ये टाकता येणारे. जुने लोक सांगतात, पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री कंदील नसेल तर हवालदार चाकातली हवा सोडी. आता कोणी विचारत नाही, म्हणून निम्म्या सायकली अंधारात अदृश्य फिरतात. मडगार्ड आणि घंटी पाचशेत. हिशेब सातशे रुपयांनी वर गेला, ३५,७००. त्यातले ४,७०० दोन कुलुपं आणि स्क्यूअर-क्लॅम्पचे.

एका पावसाळ्यानंतर

ब्रेकचे पॅड पावसातच संपले. रेझिनचे पॅड चिखलात लवकर झिजतात, ते अपेक्षितच होतं. चेन ताई स्वतः मोजतात, शाळेतल्या लोखंडी फूटपट्टीने. पिनेपासून पिनेपर्यंत चोवीस कड्यांचं अंतर बरोबर बारा इंच भरलं पाहिजे. एक षोडशांश इंच जास्त भरलं की नव्या चेनचे पैसे बाजूला ठेवायचे, एक अष्टमांश भरलं तर कॅसेटही गेली असं समजायचं. डिसेंबरात पहिल्या खुणेला पोचली, त्यांनी बदलली.

सायकल जागेवर आहे. यावरून कुलूप सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, कोणी प्रयत्न केला की नाही हेच माहीत नाही. शेजारच्या इमारतीतून दिवाळीत दोन सायकली गेल्या, दोन्हींना केबल लॉक होतं. त्यानंतर आमच्या पार्किंगमधल्या यूला रात्री सायकल बांधायला जागा मिळेना, म्हणून कमिटीने दुसरा यू गाडायचा ठराव केला.

शॉकअप काढून साधा फोक बसवावा का, हा विचार ताईंच्या डोक्यात आता आला आहे. करता येतं, पण लांबी शंभर मिलिमीटरच्या शॉकअपइतकीच धरून बनवलेला फोक हवा, नाहीतर सायकलचं तोंड खाली जातं आणि हँडल चंचल होतं. डिस्क ब्रेकची बैठक हवी, आणि मानेच्या नळीचा व्यास जुळायला हवा. पाच-सहा हजारांचं काम. सध्या ते पुढे ढकललंय, कारण त्या पैशांतून आधी कॅरियर घेतलं. डिस्कच्या कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या भागाला) टेकू नये म्हणून त्याचा एक पाय बाहेर वाकवलेला असावा लागतो, तसा शोधायला वेळ गेला. डबा आणि लॅपटॉप आता पाठीवर नसतात.